पाऊस शून्य, तरी वहीत नोंद हवी! उघडिपीच्या दिवसांत रोजचं हवामान कसं टिपायचं?

श्रावण लागला, पण आभाळ कोरडंच. सकाळी लख्ख ऊन, दहा-अकराच्या पुढं पश्चिमेचा भणाणणारा वारा, दुपारी पांढरे ढग नुसतेच पळत जातात आणि संध्याकाळी परत सगळं मोकळं. काल जे, तेच आज. मराठवाड्यात ऑगस्टमध्ये अशी आठ-दहा दिवसांची उघडीप नवी नाही. पण दहाचे वीस दिवस झाले, सोयाबीन दुपारी माना टाकायला लागलं की एक साधा प्रश्न पुढं येतो : शेवटचा पाऊस नेमका कधी पडला आणि किती पडला? पारावर पाच जणांना विचारा, पाच उत्तरं मिळतील. एक म्हणतो पन्हाळं वाहिली होती, दुसरा म्हणतो नुसता भुरभुर होता.

रोजच्या नोंदीचा उपयोग इथं होतो. पाऊस पडतो तेव्हा सगळेच मोजतात. खरी गरज असते ती काहीच घडत नाही त्या दिवसांत.

उघडीप पडते कशामुळं?

पावसाळ्यात उत्तर भारतावर राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांबलचक पट्टा असतो. तो आपल्या जागेवर किंवा थोडा दक्षिणेकडं असला की मध्य भारत आणि महाराष्ट्रात पाऊस चांगला होतो. हाच पट्टा उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याला गेला की तिकडं धो-धो पाऊस आणि इकडं खंड. २०२३ साली 'एल निनो'ची साथ होती आणि ऑगस्टचा बराच काळ असाच गेला. देशात त्या महिन्यात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. त्या वर्षी राज्य सरकारनं आधी ४० तालुक्यांत दुष्काळ आणि नंतर १,०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली.

शून्य आणि रिकामी जागा यात फरक आहे

वहीत '०' लिहिलं म्हणजे त्या दिवशी पाहिलं आणि पाऊस नव्हता. रकाना रिकामा म्हणजे पाहिलंच नाही. महिन्यानं वही उघडल्यावर या दोन गोष्टी एक होऊन चालत नाहीत. म्हणून कोरड्या दिवशीही शून्य लिहायचंच. चार थेंब पडून मापकात काहीच आलं नाही, तर 'थेंब' असं लिहायचं.

हवामान विभागाच्या हिशेबात दिवसात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस'. त्यामुळं रस्ता ओला करून गेलेली सर मोजली तर १ मिमी भरते आणि खंड चालूच राहतो. उलट एका रात्रीत ३ मिमी पडला की कागदावर खंड मोडतो, पिकाला त्याचा उपयोग होवो न होवो.

इथंच गावोगावचं दुखणं आहे. महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र असतं आणि त्या मंडळात कितीतरी गावं. केंद्राजवळ सर पडली, चार कोसांवरचं शिवार कोरडं राहिलं, तरी नोंद केंद्राचीच धरली जाते. २०२३ मध्ये २१ दिवसांच्या खंडावर पीकविम्याच्या २५ टक्के अग्रिमाची चर्चा गावागावात होती, तेव्हा एकेका दिवसाच्या नोंदीला किती किंमत आहे ते लोकांना कळलं. खरीप २०२५ पासून राज्यात विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली, तो अग्रिम राहिला नाही. घरच्या वहीवर मदतीचा निर्णय होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. पण तहसील किंवा कृषी कार्यालयात अर्ज घेऊन जाताना "आमच्याकडं पाऊसच नाही" म्हणणं वेगळं आणि तारीखवार आकडे पुढं ठेवणं वेगळं.

वेळ एकच : सकाळी साडेआठ

हवामान विभाग देशभर सकाळी ८.३० ला पाऊस मोजतो. १४ तारखेला सकाळी मोजलेला पाऊस म्हणजे १३ च्या साडेआठपासूनचे चोवीस तास. घरच्या वहीतही हीच वेळ ठेवली तर मंडळाच्या आकड्याशी ताळा करता येतो. कधी सहाला, कधी दुपारी बघितलं तर तारखांचा घोळ ठरलेला.

पर्जन्यमापक विकत मिळतो. नसेल तर तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं, सपाट तळाचं भांडं चालतं. त्यात साचलेल्या पाण्याची उंची पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायची. बाटली कापून करायची तर तळाच्या खळग्यात आधी ठरावीक खुणेपर्यंत पाणी भरून घ्यावं, तिथून वरचं मोजावं, आणि ऊन्हानं ते उडतं म्हणून रोज खुणेला आणून ठेवावं. जागा मोकळी हवी. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर. पत्र्याच्या वळचणीला ठेवलेल्या मापकाचा पाऊस घराचा असतो, शिवाराचा नाही.

तापमानासाठी थर्मामीटर सावलीत, हवा खेळती असेल तिथं, साधारण चार फूट उंचीवर. मोबाईलमध्ये दिसतं ते तापमान तुमच्या अंगणात मोजलेलं नसतं. मोठ्या भागासाठी संगणकानं काढलेला तो अंदाज असतो. 'मेघदूत'वरचा सल्ला जरूर वाचावा, पण वहीत स्वतः पाहिलेलंच लिहावं.

एक नोंद अशी दिसेल : "पाऊस ०. आभाळ निरभ्र, दुपारी तुरळक ढग. वारा पश्चिमेचा, जोराचा. माळाचं सोयाबीन बाराला सुकलं, संध्याकाळी सावरलं." पिकाचं हे शेवटचं वाक्य सोडू नये. ज्या दिवशी पीक संध्याकाळीही सावरलं नाही, ती तारीख पुढं फार कामाची ठरते.

शून्यांची बेरीज

अशा उन्हा-वाऱ्यात वाढीला लागलेलं पीक आणि जमीन मिळून दिवसाला साधारण ५ मिमी पाणी उडवतात. एका एकरावर १ मिमी म्हणजे सुमारे ४ हजार लिटर. म्हणजे एकराला रोज २० हजार लिटर, पाच हजारी टँकर धरले तर चार! मुरमाड माळाला हे आठवड्यातच जाणवतं. खोल काळ्या रानात जास्त दिवस दम निघतो, पण भेगा पडायला लागल्या की तिथंही ओल झपाट्यानं जाते. पीक लहान असेल तर कोळपणीनं भेगा बुजवाव्यात. फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना विहिरीत पाणी असेल तर तुषारनं एक संरक्षित पाणी द्यावं. ते कितव्या दिवशी द्यायचं, हे वहीतल्या शून्यांवरून ठरतं. शेजाऱ्यानं मोटार चालू केली म्हणून नव्हे.

उघडीप मोडायच्या आधी बऱ्याचदा वारा पडतो, उकाडा वाढतो, दुपारनंतर ढग उंच चढायला लागतात. मग येतो तो विजांचा पाऊस, एका शिवारात धो-धो आणि बांधापलीकडं कोरडा. अशा दुपारी झाडाखाली थांबू नये, विजेच्या इशाऱ्यासाठी मोबाईलवर 'दामिनी' ॲप ठेवावं.

पहिली सर पडली की मापकाबरोबर कुदळही घ्यावी. वीस दिवसांच्या खंडात १०० मिमीच्या आसपास पाणी उडून गेलेलं असतं, त्यात १० मिमीची सर भेगांतच जिरते. ओल किती बोटं गेली ते उकरून बघावं, वहीत लिहावं आणि मगच खताचं पोतं फोडावं.