काटा नव्हे, तुडतुडा

मावळात तळेगावच्या अंगाला बाभळी, तर लोणावळ्याकडे घाटमाथ्याचं ओलं रान. फांदीवरच्या काट्याजवळ बोट नेलं आणि तो टुणकन उडाला, की लोक म्हणतात, नाकतोडा असेल. नाकतोडा पानं कुरतडतो. याला कुरतडायला जबडाच नसतो. सुईसारखी सोंड सालीत खुपसून हा रस ओढतो. हा तुडतुडाच, मावा आणि ढेकणाचा नातलग.

त्याची शिंगं डंख मारतात, ही भीती निराधार आहे. मुळात ती शिंगं डोक्यावर नसतातच. छातीच्या पहिल्या भागाची पाठ वाढत जाऊन अख्ख्या अंगावर टोपासारखी पसरते. बाभळीवरच्या ऑक्सिरॅकिस टॅरँडसला दोन बाजूंना दोन टोकं आणि मागे लांब, अणकुचीदार दांडा असतो. हा टोप म्हणजे पंखांची तिसरी जोडी, असा दावा २०११ साली झाला होता. पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही. तरी पंख घडवणारी जनुकं या टोपाच्या घडणीतही काम करतात, हे दिसून आलं. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. तुडतुड्याभोवती फिरणाऱ्या मुंग्या त्याला खायला आलेल्या नसतात. त्याचा गोड स्राव पितात आणि शत्रूंना हुसकावतात.

पावसाळ्यात देठांवर दिसणारा पांढरा फेस सापाची थुंकी नव्हे. फेस-तुडतुड्याचं पिल्लू शोषलेल्या रसात हवेचे बुडबुडे मिसळून तो करतं आणि आत ओलं, सुरक्षित राहतं. याच गटातला सहा मिलिमीटरचा प्रौढ कीटक ७० सेंटिमीटर उंच उडतो, हे केंब्रिजच्या माल्कम बरोज यांनी २००३ साली मोजून दाखवलं.

खरं नुकसान करणारा गैरसमज मात्र भातखाचरात आहे: तुडतुडा दिसला की फवारा मारायचा. इंद्रायणी भाताच्या खाचरात तपकिरी तुडतुडे बसतात ते चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर. वरून मारलेलं औषध तिथवर पोचत नाही; मरतात ते त्यांना खाणारे कोळी आणि मित्रढेकूण, मग तुडतुडे आणखी फोफावतात. खाणं मुबलक असताना त्यांच्यात आखूड पंखांचे जास्त निपजतात. गर्दी झाली की लांब पंखांचे निपजून दुसऱ्या शेतात जातात. म्हणून आधी चूड बाजूला करून बुंधा बघावा, युरिया बेतानं द्यावा आणि तुडतुडे वाढू लागले तर खाचरातलं पाणी काही दिवस काढून टाकावं.