लॅपटॉपचा पडदा कुणी बनवला?

लॅपटॉपच्या झाकणावर डेल, एचपी, लेनोव्हो किंवा आसुस असे नाव असले, तरी आतला पडदा यांपैकी कुणीही बनवलेला नसतो. पडद्याचे पॅनेल बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या आहेत आणि त्या बोटांवर मोजता येतील इतक्याच आहेत: चीनमधल्या बीओई, सीएसओटी आणि आयव्हीओ, तैवानमधल्या एयू ऑप्ट्रॉनिक्स आणि इनोलक्स, दक्षिण कोरियातल्या एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले, आणि जपानची शार्प. या धंद्यात गेल्या पंचवीस वर्षांत मोठी उलथापालथ झाली. एयू ऑप्ट्रॉनिक्स २००१ मध्ये दोन तैवानी कंपन्यांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. बीओईने २००३ मध्ये कोरियातल्या ह्युंदाई गटाचा एलसीडी व्यवसाय विकत घेतला आणि तिथून तिची घोडदौड सुरू झाली. इनोलक्समध्ये २०१० मध्ये ची मेई ही मोठी कंपनी विलीन झाली, तर शार्प २०१६ मध्ये फॉक्सकॉनच्या ताब्यात गेली. सॅमसंग डिस्प्लेने २०२२ मध्ये एलसीडी बनवणे थांबवून सगळे लक्ष ओएलईडीकडे, म्हणजे पिक्सेल स्वतःच उजेड देणाऱ्या पडद्यांकडे, वळवले.

लॅपटॉप कंपनी एका मॉडेलसाठी एकाच पुरवठादारावर सहसा विसंबून राहत नाही. एखाद्या कारखान्याचे उत्पादन अडले किंवा भाव चढले, तर लाखो लॅपटॉपांची जुळणी खोळंबेल. म्हणून आकार, पिक्सेलसंख्या आणि किमान उजेड ठरवून दिला जातो आणि त्या चौकटीत बसणारी पॅनेले दोन-तीन कंपन्यांकडून घेतली जातात. परिणाम असा, की एकाच दुकानातून, एकाच किमतीला घेतलेल्या दोन सारख्या लॅपटॉपांचे पडदे वेगवेगळ्या कंपन्यांचे निघू शकतात. लेनोव्होच्या थिंकपॅड मालिकेच्या सुट्या भागांच्या याद्या पाहिल्या, की एकाच पडद्यासमोर पुरवठादारागणिक वेगवेगळे भाग-क्रमांक दिलेले आढळतात.

या प्रकाराची सर्वांत गाजलेली घटना अॅपलच्या मॅकबुक प्रोची आहे. जून २०१२ मध्ये आलेल्या पंधरा इंची रेटिना मॉडेलचे पडदे एलजी आणि सॅमसंग अशा दोघांकडून येत होते. काही ग्राहकांच्या पडद्यावर आधीच्या चित्राची पुसट सावली रेंगाळत राही, आणि अशा तक्रारी प्रामुख्याने एलजीच्या पॅनेलांबाबत होत्या. मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात या संदर्भात दावाही दाखल झाला. दोन कंपन्यांचे, दोन गुणवत्तेचे पडदे एकाच नावाने आणि एकाच किमतीला विकले जात आहेत हे ग्राहकाला सांगितलेच नाही, असे त्यात म्हटले होते. पडदा कुणाचा हा प्रश्न सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचला तो या प्रकरणामुळे.

पडदा कुणाचा हे झाकण न उघडताही समजते. प्रत्येक पॅनेलमध्ये ईडीआयडी नावाची एक छोटी नोंद साठवलेली असते. तिचा मूळ भाग १२८ बाइटांचा. त्यात बनवणाऱ्याची तीन अक्षरी खूण, उत्पादनाचे वर्ष आणि लाल, हिरव्या, निळ्या रंगांचे गुणांकही असतात. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून मॉनिटरच्या तपशिलात हार्डवेअर आयडी पाहिला, की ही तीन अक्षरे दिसतात. एयूओ म्हणजे एयू ऑप्ट्रॉनिक्स, सीएमएन म्हणजे इनोलक्स, एलजीडी म्हणजे एलजी डिस्प्ले, एसडीसी म्हणजे सॅमसंग आणि एसएचपी म्हणजे शार्प. बीओई आणि आयव्हीओ यांची खूण त्यांच्या नावाचीच.

तीन अक्षरांवर मात्र थांबू नये. खरी माहिती पॅनेलच्या पाठीवर चिकटवलेल्या लेबलावर, मॉडेल क्रमांकात असते. एयू ऑप्ट्रॉनिक्सची दोन पॅनेले शेजारी ठेवली, तर एकावर बी१५६एचटीएन आणि दुसऱ्यावर बी१५६एचएएन अशी अक्षरे सापडतील. १५६ म्हणजे १५.६ इंच आणि ‘एच’ म्हणजे फुल एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८०, अर्थात २०,७३,६०० पिक्सेल. इथवर दोन्ही सारखी. फरक आहे तो पुढच्या एका अक्षराचा: ‘टी’ असलेले पॅनेल टीएन पद्धतीचे, ‘ए’ असलेले आयपीएस घराण्यातले. इनोलक्सच्या एन१५६एचजीए आणि एन१५६एचसीए या जोडीतही असाच फरक आहे. पहिले टीएन, दुसरे आयपीएस. बीओईच्या क्रमांकात तो सुरुवातीलाच कळतो: एनटी१५६ने सुरू होणारे टीएन, एनव्ही१५६ने सुरू होणारे आयपीएसच्या जातीचे. एलजीच्या क्रमांकातले डब्ल्यूएच म्हणजे जुने १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलांचे पॅनेल आणि डब्ल्यूएफ म्हणजे फुल एचडी.

हा टीएन-आयपीएसचा भेद कळण्यासाठी एलसीडी पडद्याची रचना पाहावी लागते. सगळ्यात मागे एलईडीचा पांढरा प्रकाश, त्यापुढे ध्रुवीकरण करणारी एक फिल्म, मग दोन काचांमध्ये कोंडलेला द्रवस्फटिकाचा अतिशय पातळ थर, रंगीत गाळण्या आणि शेवटी दुसरी ध्रुवीकरण फिल्म. प्रत्येक पिक्सेलमागे सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतात. त्यांनी विद्युतदाब बदलला, की स्फटिकांचे रेणू वळतात आणि प्रकाश कमी-जास्त गाळला जातो. टीएन पद्धतीत हे रेणू एका काचेपासून दुसरीपर्यंत पिळासारखे रचलेले असतात आणि दाब दिला की उभे राहतात. त्यामुळे समोरून चित्र ठीक दिसते, पण मान जरा खालीवर केली की रंग उलटेपालटे होतात. आयपीएसमध्ये रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, म्हणून बाजूने पाहणाऱ्यालाही रंग जवळपास तसेच दिसतात. ही पद्धत हिताची कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणली. बीओई तिच्या स्वतःच्या प्रकाराला एडीएस म्हणते, एयू ऑप्ट्रॉनिक्स एएचव्हीए म्हणते. ग्राहकाच्या दृष्टीने ही सगळी एकाच कुळातली.

टीएनचा हा दोष कमी करण्याच्या प्रयत्नात एका भारतीय शोधाचा वाटा आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नाही. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. तोपर्यंत द्रवस्फटिकाचे रेणू काडीच्या आकाराचेच असतात असे मानले जाई. पुढे जपानच्या फुजीफिल्मने याच जातीच्या रेणूंचा थर दिलेली फिल्म बनवली आणि ती लावल्यावर टीएन पडद्यांचा पाहण्याचा कोन बराच रुंदावला.

पाहण्याच्या कोनानंतर रंग आणि उजेड. माहितीपत्रकात रंगांच्या आवाक्यासाठी ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिले असेल, तर तो पडदा फिका समजावा. लाल रंग विटकरीकडे झुकतो आणि छायाचित्रांत त्वचेचा रंग मेलेला वाटतो. ‘७२ टक्के एनटीएससी’ किंवा ‘१०० टक्के एसआरजीबी’ असे असेल, तर संकेतस्थळांवरची छायाचित्रे आणि चित्रफिती मूळ रंगांत दिसतात. हे दोन आकडे व्यवहारात जवळपास एकच गोष्ट सांगतात. उजेड निट या एककात मोजतात. स्वस्त पडदे २२० ते २५० निटांचे, बरे ३०० चे, चांगले ४०० किंवा त्याहून अधिक. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून दिल्लीत येऊन मुखर्जीनगर किंवा जुन्या राजिंदरनगरात राहणारी मुले हिवाळ्यात ऊन खायला गच्चीवर बसतात. तिथे २५० निटांच्या पडद्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत, आणि पडदा चकचकीत असेल तर त्यात आपलाच चेहरा दिसतो. खोलीच्या आत हाच पडदा पुरेसा असतो. म्हणून निटांचा आकडा वापराची जागा लक्षात घेऊनच पाहावा.

माहितीपत्रकात बहुधा न सापडणारी एक गोष्ट म्हणजे लुकलुक. उजेड कमी करताना काही पडदे प्रकाश खरोखर मंद करतात, तर काही तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. डोळ्यांना हे दिसत नाही, पण काही लोकांचे डोके त्याने दुखते. लॅपटॉपचा उजेड कमी करून मोबाइलच्या कॅमेऱ्याने, शटरचा वेग वाढवून, पांढऱ्या पडद्याकडे पाहिले की काळे पट्टे सरकताना दिसतात. ओएलईडी पडद्यांत ही लुकलुक विशेष आढळते.

मग या कंपन्यांत श्रेष्ठ कोण? याचे सरळ उत्तर देता येत नाही, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. यांतली जवळपास प्रत्येक मोठी कंपनी ४५ टक्क्यांचे फिके टीएनही बनवते आणि व्यावसायिक छायाचित्रकाराला चालेल असे आयपीएसही. एकाच कंपनीच्या दोन श्रेणींतले अंतर दोन कंपन्यांच्या एकाच श्रेणीतल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठे असते. बीओईला नावे ठेवून एलजीचा आग्रह धरणारा ग्राहक एलजीचेच स्वस्त टीएन घरी घेऊन येऊ शकतो. ओएलईडीची गोष्ट वेगळी: लॅपटॉपांच्या ओएलईडीत बरीच वर्षे सॅमसंग डिस्प्लेचेच वर्चस्व राहिले. एलसीडीत मात्र नावापेक्षा पूर्ण क्रमांकच महत्त्वाचा.

दिल्लीत हा प्रश्न रोज सोडवला जातो तो नेहरू प्लेसमध्ये. दिल्ली विकास प्राधिकरणाने उभारलेले हे दक्षिण दिल्लीतले व्यापारी संकुल संगणकांच्या बाजारासाठी देशभर ओळखले जाते. मेट्रोच्या व्हायोलेट मार्गावर त्याच नावाचे स्थानक आहे. मधल्या मोठ्या चौकाभोवतीच्या इमारतींत पडदे बदलून देणारी दुकाने दाटीने आहेत आणि काउंटरवरचा पहिला प्रश्न पुरवठादाराबद्दल नसतो, पिनांबद्दल असतो. जुन्या पडद्यांची एलव्हीडीएस जोडणी चाळीस पिनांची असे. नंतरच्या साध्या फुल एचडी पडद्यांची ईडीपी जोडणी तीस पिनांची आहे, आणि १४४ हर्ट्झच्या किंवा फोर-के पडद्यांना पुन्हा चाळीस पिना लागतात, पण त्या ईडीपीच्या. जुन्या आणि नव्या चाळीस पिनांत गल्लत झाली तर पडदा किंवा मदरबोर्ड जळू शकतो. तीस पिनांच्या लॅपटॉपला १३६६ गुणिले ७६८ काढून फुल एचडी बसवणे बहुधा जमते. १४४ हर्ट्झचा बसवायचा तर केबल बदलावी लागते, आणि मदरबोर्डानेही साथ द्यावी लागते.

दुसरी अडचण मापाची. १५.६ इंची म्हणून विकली जाणारी पॅनेले दोन रुंदींत येतात: कडेला पत्र्याचे कान असलेली सुमारे ३६० मिलिमीटरची आणि बिनकानांची सुमारे ३५० मिलिमीटरची. पातळ कडांच्या लॅपटॉपात पहिले मावत नाही. जुने पॅनेल काढून त्याच्या पाठीवरचे लेबल दुकानदाराला दाखवले की हे सगळे घोळ टळतात. नुसते लॅपटॉपचे मॉडेल सांगितले तर टळत नाहीत, कारण त्या मॉडेलला दोन-तीन प्रकारचे पडदे लागलेले असू शकतात.

बाजारातल्या ‘ओरिजिनल’, ‘ए प्लस’, ‘ए’ या शब्दांना कोणतेही प्रमाण नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढून, पुसून, नवी फिल्म लावून विकलेले पॅनेलही यात येते. डेड पिक्सेलांसाठी आयएसओ ९२४१-३०७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या सर्वांत कडक वर्गात एकही दोष चालत नाही. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलांमागे दोन कायम पेटलेले आणि दोन कायम विझलेले पिक्सेल चालतात. म्हणजे फुल एचडी पडद्यावर चार ठिपके कायम चमकत राहिले, तरी कंपनी तो सदोष मानेलच असे नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी काउंटरवरच पडदा जोडून काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच रंग पूर्ण पडदाभर लावून पाहावेत. काळ्यावर कडांतून पाझरणारा उजेड दिसतो, पांढऱ्यावर पिवळट डाग आणि दाबाचे वण, उरलेल्या तीन रंगांवर अडकलेले पिक्सेल. मग उजेड अगदी कमी करून पुन्हा पांढरा पाहावा आणि ईडीआयडीतला क्रमांक लेबलाशी ताडून घ्यावा. दहा मिनिटांचे हे काम दुकानात होते; घरी गेल्यावर ठिपका आधीपासून होता हे सिद्ध करणे अवघड असते.

दुरुस्तीच्या बाजूने सरकारी पातळीवर थोडी हालचाल झाली आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. सुटा भाग आणि त्याची माहिती अधिकृत सेवा केंद्राबाहेरच्या कारागिरालाही मिळावी, हा त्यामागचा विचार आहे. पडद्यासारख्या सहज बदलता येणाऱ्या भागासाठी तो फार मोलाचा आहे, कारण फुटक्या पडद्यापायी धडधाकट लॅपटॉप भंगारात जातो. दिल्लीतले असे पुष्कळ भंगार ईशान्येकडच्या सीलमपूरमध्ये पोहोचते आणि तिथे हातांनी फोडले जाते. २०१० च्या आधीच्या अनेक पडद्यांत एलईडीऐवजी पाऱ्याची बारीक नळी असे. ती फुटली तर पाऱ्याची वाफ थेट काम करणाऱ्याच्या श्वासात जाते.

पडदे बनवण्याचा इतिहास राजधानी परिसरालाही आहे. गाझियाबादजवळच्या छपरौला इथे सॅमटेल कलर ही कंपनी रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूब बनवत असे. सपाट पडदे आले आणि हा धंदा आटला. महाराष्ट्रातल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला, पण तोवर जग ट्यूबकडे पाठ फिरवू लागले होते. नागपूरजवळ बुटीबोरीत वेदांत समूहाच्या ट्विनस्टारतर्फे एलसीडी पॅनेलचा कारखाना उभारण्याची २०१६ च्या सुमारास मोठी चर्चा झाली. तो उभा राहिला नाही. नोएडात सॅमसंग डिस्प्लेच्या ४,८२५ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला उत्तर प्रदेश सरकारने डिसेंबर २०२० मध्ये सवलती मंजूर केल्या. मात्र अशा कारखान्यांत होते ती मुख्यतः जुळणी: तयार काच आणायची, तिला इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅकलाइट जोडायचे. मूळ पॅनेल बनते ते प्रचंड काचेवर. साडेआठव्या पिढीच्या कारखान्यातली काच २.२ गुणिले २.५ मीटरची असते. ताग्यातून कापड बेतावे तसे तिच्यातून डझनावारी लॅपटॉपांचे पडदे कापले जातात. अशा कारखान्याला हजारो कोटींचे भांडवल, अखंड वीज आणि अतिशुद्ध पाणी लागते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केलेल्या ७६,००० कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर योजनेत डिस्प्ले कारखान्यांसाठीही अर्थसाहाय्याची तरतूद आहे.