गाभडलेली गाय व रेंगाळणारा ताप

लोहा-कंधार हें लाल कंधारी गुरांचें माहेर होय. मार्गशीर्षाच्या उत्तरार्धांत माळेगांवीं खंडोबाची यात्रा भरली म्हणजे दूरदूरचे शेतकरी तेथें जनावरें पारखावयास येतात. दांत, वशिंड, चाल हें सर्व पाहिलें जातें. परंतु ‘ही गाय कधीं गाभडली होती काय?’ हा प्रश्न विचारणारा विरळा. वस्तुतः घेणाराच्या दावणीचें व घरच्या माणसांचेंही आरोग्य त्यावर अवलंबून असतें.

पांचव्या महिन्यानंतर गाय-म्हैस गाभडली, तर दृष्ट लागली असें समजून स्वस्थ बसूं नये. ब्रुसेला नामक जंतु हें त्याचें एक मोठें कारण आहे. सन १८८७ मध्यें डेव्हिड ब्रूस यांनीं माल्टा बेटावर तापानें मेलेल्या शिपायांच्या प्लीहेंत तो दाखविला. सन १८९७ मध्यें डेन्मार्कच्या बँग यांनीं गाईंच्या सांसर्गिक गर्भपाताचा जंतु शोधिला. पुढें हे दोन्ही एकाच कुळांतले ठरले.

मृत गर्भांत, वारेंत व स्रावांत हे जंतु विपुल असतात. उघड्या हातानें वार काढणें व कच्चें दूध पिणें या त्यांच्या मुख्य वाटा. मग माणसास ताप चढतो-उतरतो, रात्रीं घाम सुटतो, कंबर व सांधे धरतात. यकृत व प्लीहा वाढतात. पाठीचे मणके, वृषणें, क्वचित् हृदयाच्या झडपाही बिघडतात. लक्षणें विषमज्वर वा क्षय यांसारखीं असल्यामुळें महिनेच्या महिने भलताच उपचार चालण्याचा संभव असतो. म्हणून ताप रेंगाळल्यास गोठ्यांत गाय गाभडल्याची गोष्ट डॉक्टरांस आपण होऊन सांगावी. रक्त तपासून रोग ठरला, तर बहुधा दोन औषधें मिळून निदान सहा आठवडे घ्यावीं लागतात. ताप उतरला म्हणून मध्येंच सोडल्यास तो उलटतो.

प्रतिबंध मात्र आपल्या हातीं आहे. दूध उकळूनच प्यावें. वार व गर्भ कुत्र्यांपुढें न टाकतां खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावा. हातमोज्यांवांचून त्यांस स्पर्श करूं नये व सालगड्यासही करूं देऊं नये. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व वगारी यांस जन्मांत एकदांच लस टोंचतात. सन २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखालीं ती विनामूल्य दिली जाते. नरांस व गाभण जनावरांस मात्र ती देत नाहींत.

रोगी गाय औषधानें निर्दोष करण्याचा व्यवहार्य मार्ग नाहीं. ती पुढें नीट व्याली, तरी दुधांतून व स्रावांतून जंतु जाऊं शकतात. तिला निराळ्या दावणीस पोसणें हा भुर्दंड खरा. परंतु दोष लपवून ती बाजारांत लोटणें म्हणजे आपल्या घरचें दुखणें दुसऱ्याच्या दारीं बांधणें होय. पीकपाहणींत पिकाची नोंद होते, तशी प्रत्येक जनावराच्या विण्या-गाभडण्याची तारीख वहींत लिहावी, पशुवैद्यांकडून रक्त तपासून घ्यावें आणि सौद्याच्या वेळीं ती वही घेणारापुढें उघडी ठेवावी.