मदत एकराला, कसणाऱ्याला किती?

अमेरिकेत पिकांसाठीच्या सरकारी मदतीचा कारभार काऊंटीच्या पातळीवर चालतो. काऊंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा, पण बहुधा त्याहून लहान घटक; एकट्या आयोवा राज्यात 99 काऊंट्या आहेत. शेतकरी तिथल्या कृषी खात्याच्या कार्यालयात नाव नोंदवतो आणि भाव किंवा उत्पन्न ठरलेल्या पातळीखाली गेले की त्याला पैसे मिळतात. ही अडल्यानडल्या शेतकऱ्याची मदत वाटते. प्रत्यक्षात तिचे माप शेतकऱ्याच्या अडचणीपेक्षा जमिनीच्या जुन्या नोंदीवर ठरते, आणि तिचे बहुतेक दोष तिथूनच निघतात.

2014 च्या कायद्याने दोन मुख्य योजना आणल्या. पहिलीत मक्याचा आधारभाव बुशेलला, म्हणजे सुमारे 25 किलोला, 3.70 डॉलर ठरला. बाजारभाव त्याखाली गेला की फरकाच्या हिशोबाने पैसे मिळत. दुसरीत सगळ्या काऊंटीचे एकरी उत्पन्न मागील पाच वर्षांवरून काढलेल्या पातळीच्या 86 टक्क्यांखाली जावे लागे. 2025 मध्ये हे आकडे 4.10 डॉलर आणि 90 टक्के झाले. सांगाडा तोच राहिला. दोन्हींत रक्कम सहसा ‘बेस एकरां’च्या 85 टक्क्यांवर मोजतात. बेस एकर म्हणजे त्या जमिनीत पूर्वी कोणत्या पिकाचा किती पेरा होता, याची नोंद. त्यामुळे आज मका नसलेल्या रानालाही मक्याचे पैसे मिळू शकतात. उलट एखाद्याचे पीक गारपिटीने झोपले आणि काऊंटीची सरासरी टिकली, तर दुसऱ्या योजनेत त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

माप एकराचे, म्हणून ज्याची जमीन मोठी त्याचा वाटा मोठा. 2014 च्या कायद्यात माणशी 1,25,000 डॉलरची मर्यादा होती, पण भागीदारीत प्रत्येक पात्र भागीदाराची मर्यादा वेगळी धरतात. शिवाय तिथली निम्म्याहून अधिक पिकाऊ जमीन खंडाने कसली जाते. रोख खंड भरणाऱ्यालाच मदत मिळते हे खरे. मात्र जमिनीबरोबर मदतही येते हे मालकाला ठाऊक असते, आणि तिचा काही भाग वाढीव खंडाच्या रूपाने त्याच्याकडे जातो.

यावर पहिला आक्षेप असा, की जास्त पिकवणाऱ्याची जोखीमही जास्त असते. पण त्या जोखमीसाठी पीकविमा आहेच आणि त्याच्या हप्त्याचा मोठा भाग सरकारच भरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मदत चालू पेऱ्याशी बांधली तर शेतकरी बाजाराऐवजी अनुदान पाहून पेरतील. तो मान्य करावाच लागतो. मात्र मदत पिकापासून तोडायची म्हणून ती एकराशीच बांधली पाहिजे, असे नाही. कसणाऱ्या कुटुंबाचे शेतीतले एकूण उत्पन्न किती घटले, हे पाहूनही ती देता येते. त्यासाठी कागदपत्रे वाढतील, पण करासाठी हा हिशोब बहुतेकांना ठेवावाच लागतो.

2025 च्या कायद्याने नोंद नसलेल्या जमिनींसाठी 3 कोटींपर्यंत नवे बेस एकर दिले. तेही मागच्या पेऱ्यावरून, म्हणजे पुन्हा जमिनीच्याच नावे. लाभार्थी वाढतील, पण मदतीचे माप तेच राहील. भारतातही पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला मिळतात, तोंडी बटाईने कसणाऱ्याला नाही. रक्कम किती वाढवावी हा वाद दोन्हीकडे रंगतो; त्याआधी ती कोणाच्या नावे मोजावी, हे ठरवायला हवे.