जुनी मोटार : नवी करावी की जपावी?

गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला म्हणजे काय होतं, ते तुम्ही पाहिलं असेल. वर्गणी गोळा होते, गवंडी येतो आणि जुन्या काळ्या पाषाणावर चकचकीत तैलरंगाचा हात फिरतो. पायऱ्यांवर फरशी बसते. देऊळ नवं दिसू लागतं आणि सगळ्यांना बरं वाटतं. मग एखादा जाणता पाहुणा येतो आणि विचारतो, "त्या खांबावरचं कोरीव काम कुठं गेलं हो?" ते रंगाखाली दडलेलं असतं, नाही तर घासताना गेलेलं असतं. रंग पुन्हा काढता येईल, पण घासून गेलेली रेघ काही परत येत नाही.

आज आपण हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या वस्तूच्या बाबतीत पाहणार आहोत. ती वस्तू म्हणजे जुनी मोटार. तीही दोन माणसं बसतील एवढीच, कापडी टपाची, वेगानं पळणारी. तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. तुम्ही म्हणाल, "आमच्या रस्त्यावर एस.टी. वेळेवर आली तरी पुष्कळ. आम्हाला या मोटारीशी काय करायचंय?" तुमचं म्हणणं खरं आहे. पण जुनी वस्तू दुरुस्त कशी करावी, याचा असा उघड धडा दुसरीकडे क्वचित मिळतो. देऊळ किंवा वाडा जागच्या जागी उभा असतो. मोटारीला मात्र पळावं लागतं, आणि वेळेला थांबावंही लागतं. तिच्या बाबतीत केलेली चूक लपत नाही.

उदाहरणासाठी एकच मोटार घेऊ. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ, थेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात 'एम.जी.बी.' नावाची मोटार तयार होत असे. उघड्या टपाची आणि बंद टपाची मिळून पाच लाखांहून अधिक मोटारी बनल्या. इंजिन १७९८ घन सेंटिमीटरचं, शक्ती सुमारे ९५ अश्वशक्ती, वेग ताशी १०० मैलांच्या वर. ही राजेरजवाड्यांची गाडी नव्हती. बेताच्या मिळकतीच्या हौशी माणसासाठी ती काढलेली होती. त्यामुळे आजही तिथला साधा नोकरदार जुनी एम.जी.बी. विकत घेऊ शकतो.

समजा, तिकडच्या एका शाळामास्तरांनी १९६६ सालची अशी उघड्या टपाची गाडी घेतली. ती कित्येक वर्षं एका शेतकऱ्याच्या खोपटात धूळ खात उभी होती. वरचा लाल रंग जागोजागी फुगलाय, बैठकींचं कातडं सुरकुतलंय, दारांखाली गंज दिसतोय. मास्तरांचा हात शिवशिवतो. सगळं खरवडून काढावं, नवा रंग द्यावा, नवी कातडी शिवून घ्यावी आणि गाडी नवी कोरी करून आणावी, असं त्यांना वाटतं. आपण त्यांना म्हणू, "मास्तर, जरा थांबा. आधी वही काढा."

पहिलं काम पाहण्याचं आणि लिहिण्याचं. एकही स्क्रू काढण्यापूर्वी गाडीची चहूबाजूंनी छायाचित्रं घ्यावीत. कुठली तार कुठून जाते, कुठला बोल्ट कुठं आहे, हे टिपून ठेवावं. मग बॉनेट उघडून गाडीच्या क्रमांकाची पट्टी वाचावी. या काळातल्या उघड्या एम.जी.बी.चा क्रमांक 'जी.एच.एन. ३' या अक्षरांनी सुरू होतो. त्यात 'जी' म्हणजे एम.जी., 'एच' ही इंजिनाच्या आकाराची खूण, 'एन' म्हणजे दोन बैठकींची उघडी गाडी आणि '३' हा मालिकेचा अंक. इंजिनावर त्याचा वेगळा क्रमांक असतो. कारखाना १९८० साली बंद झाला, पण त्याच्या नोंदवह्या शिल्लक आहेत. इंग्लंडात गेडन इथं ब्रिटिश मोटार संग्रहालय आहे. गाडीचा क्रमांक कळवून फी भरली की तिथून दाखला मिळतो. गाडी कोणत्या तारखेला बनली, कोणत्या रंगाची होती, इंजिनाचा क्रमांक काय होता, ती कुठं पाठवली, हे सारं त्यात असतं. शाळेच्या जनरल रजिस्टरात जशी मुलाची खरी जन्मतारीख सापडते, तसाच हा प्रकार आहे.

समजा, दाखल्यात लिहिलंय की गाडी निळी होती. मग हा लाल रंग आला कुठून? मास्तर पायाखालचा गालिचा उचलतात, डिकीचा कोपरा पुसतात, डॅशबोर्डामागं दिवा धरतात. आणि तिथं मूळचा निळा रंग दिसतो. मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर एखाद्या दिवशी गळून पडावा आणि आतली रेखीव मूर्ती दिसावी, तसा हा क्षण असतो. सगळं खरवडून काढण्याचा बेत पहिल्या दिवशीच तडीस गेला असता, तर हा पुरावाही खरवडून गेला असता.

दुसरं काम लोहचुंबकाचं. हा प्रयोग शिक्षकांना वर्गातही करून दाखवता येईल. गंजलेल्या पत्र्याला भोक पडलं, की आळशी कारागीर त्यात लांबी भरतो आणि वरून रंग मारतो. डोळ्याला काही कळत नाही. पण चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून हळूहळू फिरवा. जिथं खाली पोलाद आहे तिथं तो चिकटतो, आणि जिथं जाड लांबी आहे तिथं त्याची पकड सुटते. मात्र एक गंमत लक्षात ठेवा. १९६६ सालच्या या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, त्याला चुंबक मुळीच चिकटणार नाही. ते पाहून "इथं सगळी लांबीच आहे" असं म्हणून मास्तरांनी बॉनेट फेकून दिलं, तर मूळची चांगली वस्तू ते स्वतःच्या हातांनी घालवतील. म्हणजे परीक्षा घेण्याआधी परीक्षकाला वस्तूची माहिती हवी.

तिसरी गोष्ट, चावी फिरवण्याची घाई करू नये. बरीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात आतल्या पृष्ठभागांवरचं तेल निथळून गेलेलं असतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडं ऑइल सोडावं, एक दिवस मुरू द्यावं आणि इंजिन आधी हातानं फिरवून पाहावं. टाकीतलं जुनं पेट्रोल उपसून टाकावं. बॅटरीच्या बाबतीत तर फारच सावध राहावं. या गाडीत बैठकींच्या मागं सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडून बारा व्होल्ट केलेले असतात. आजच्या मोटारीत बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. १९६७ पर्यंतच्या एम.जी.बी.त नेमकं उलट, धन टोक पत्र्याला जोडलेलं असे. आजच्या सवयीनं एखाद्या मिस्त्रीनं टोकं जोडली, तर जुन्या जोडणीची उपकरणं खराब व्हायला वेळ लागत नाही.

आता खरा अवघड प्रश्न येतो. मूळचं जपायचं म्हणजे सगळंच जपायचं का? नाही. ब्रेकच्या रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसल्या, तरी आतून फुगून बंद होतात. ब्रेकचं द्रव हवेतला ओलावा शोषून घेतं आणि आतल्या भागांना गंज चढवतं. टायरवर नक्षी शिल्लक असली, तरी रबर म्हातारं होऊन तडकतं. पेट्रोलच्या जुन्या नळ्यांचंही तसंच. २०२१ पासून इंग्लंडातल्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही. या साऱ्या वस्तू बदलायच्याच, त्यात हौस आड येऊ द्यायची नाही. शेजारच्या बैठकीवर मास्तरांची मुलगी बसणार आहे. उतारावर ब्रेक लागला नाही, तर "नळी अगदी मूळची होती" या वाक्याचा कुणाला काय उपयोग?

गंजाचं काम याहून नाजूक. जुन्या पद्धतीच्या पुष्कळ मोटारींना खाली वेगळा लोखंडी सांगाडा असे आणि त्यावर पत्र्याची पेटी बसवलेली असे. एम.जी.बी.ला तसा वेगळा सांगाडा नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे. त्यातून वर छत नाही. त्यामुळे सगळा भार पेलतात त्या दोन्ही दारांखालच्या लांब पोकळ पेट्या. त्यांना सिल म्हणतात. आतला पत्रा, मधला पडदा आणि बाहेरचा पत्रा अशी त्यांची रचना असते. सुपाची कड सुटली की सूप लोंबतं, तशी सिल कुजली की गाडी मधोमध खचते आणि दार चौकटीत नीट बसेनासं होतं. दाराभोवतीची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली, की समजावं, खाली काहीतरी बिघडलंय.

काही जण कुजलेल्या सिलवर बाहेरून नवा पत्रा चिकटवतात आणि रंग देतात. दिसायला छान, ताकद मात्र शून्य. खरी रीत अशी, की आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवी दांडी पक्की बसवायची, म्हणजे कापताना गाडी वाकणार नाही. मग एका वेळी एकच बाजू घ्यायची. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, तिन्ही थर नवे जोडायचे आणि पावलोपावली दार लावून बघायचं. चांगल्या पत्र्याला मात्र हात लावायचा नाही.

१९८८ पासून या मोटारीची आख्खी बॉडी नवी मिळू लागली, आणि तीही जुन्या मूळ साच्यांवर काढलेली. साहजिकच मास्तरांना मोह होईल, की ही कटकट सोडून सरळ नवी बॉडी आणावी. बॉडी संपूर्ण कुजली असेल तर त्याला इलाज नाही. पण सिल तेवढ्या गेल्या असतील, तर एक वासा किडला म्हणून घर पाडण्यासारखं ते होईल. ॲबिंग्डनच्या कामगारांच्या हातून गेलेला तो पत्रा, त्यावरची सांध्यांची खूण, कोपऱ्यातला तो निळा रंग, हे सारं भंगारात जाईल. नवेपणा बाजारात विकत मिळतो, मूळपणा मिळत नाही.

म्हणून मास्तरांनी असं ठरवावं. कुजलेलं तेवढंच कापावं. बाहेरचा पत्रा दुरुस्त झाला की दाखल्याप्रमाणे निळा रंग द्यावा. पण आत जिथं मूळचा रंग टिकून आहे, तिथं ब्रश फिरवू नये. बैठकींचं कातडं सौम्य साबणानं पुसावं, तेल देऊन मऊ करावं, उसवलेली शिवण तेवढी घालावी. सुरकुत्या राहू द्याव्यात. त्या त्या गाडीच्या वयाला शोभतात. जे काढावं लागेल ते चिठ्ठी लावून पेटीत ठेवावं. बदल करायचाच झाला, तर पुढच्या माणसाला तो उलटा फिरवता येईल असा करावा. आणि काय बदललं, केव्हा आणि का, हे वहीत लिहून ठेवावं.

हा विचार आपल्याला परका नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या काळात नकलाकारांच्या हातून तिच्यात पाठभेद शिरले होते. नाथ स्वतः केवढे मोठे कवी! पण त्यांनी ज्ञानेश्वरी 'सुधारली' नाही. बाहेरून आलेलं तेवढं दूर केलं, आणि यात कुणी आपली ओवी घालू नये, असं पुढच्यांना बजावलं. दुरुस्त करणाऱ्यानं आपला हात कुठं आवरावा, हे यातून शिकावं.

जुन्या वाहनांच्या क्षेत्रातही आता हेच नियम मान्य झाले आहेत. 'फिवा' या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं वाहनं कशी जपावीत यासाठी एक सनद केली. तिला तुरीनची सनद म्हणतात, पण तिला मंजुरी मिळाली ती ऑक्टोबर २०१२ मध्ये आपल्या गोव्यात भरलेल्या सभेत. ढवळाढवळ कमीत कमी करा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवा, हा तिचा रोख आहे. भारत सरकारनंही जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या मोटारी आणि दुचाकींसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न करता मूळ रूपात जपलेलं वाहनच त्यात बसतं. म्हणजे आपल्याकडे ही आता केवळ हौशीची बाब राहिलेली नाही, ती कायद्यातही आली आहे.

श्रोते हो, तुमच्या दारात अशी मोटार कदाचित कधीच येणार नाही. पण आजोबांची पेटी असेल, शाळेची जुनी घंटा असेल, पोथ्यांचं दप्तर असेल, गावचं देऊळ तर असेलच. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. यात कुणाच्या जिवाला धोका आहे का? असेल तर ते बेलाशक बदला. मी जे करतोय ते उद्या कुणाला पुन्हा पूर्वीसारखं करता येईल का? येणार नसेल, तर चार दिवस थांबा, जाणत्याला विचारा. आणि मी काय केलं, हे लिहून ठेवलंय का? तिसऱ्या प्रश्नाला एक वही आणि एक पेन्सिल पुरते. तेवढी तर आपल्या प्रत्येक शाळेत आहे.