सोलापूरच्या चार भाषा आणि एक देश

देशभक्तीचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून विचारला जातो. माणसाने आधी मराठी असावे की आधी भारतीय? विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु या प्रश्नात एक समजूत लपलेली आहे. ती अशी की, निष्ठा म्हणजे जणू ताटातली भाकरी. चतकोर भाषेला दिला की देशाच्या वाट्याला तेवढी कमी उरली! ही समजूत तपासून पाहावयाची तर सोलापूरसारखे गाव शोधून सापडावयाचे नाही.

आमच्या भाषेने मात्र हा पेच कधी फारसा मानलेला दिसत नाही. 'देश' हा शब्दच पाहा. कोकणातला माणूस घाट चढून आला की 'देशावर' आला असे आपण म्हणतो, आणि त्याच शब्दाने काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची भूमीही दाखवितो. महाराष्ट्राच्या नावात 'राष्ट्र' आहे, सौराष्ट्राच्याही आहे. म्हणून कोणी तेथे दोन राष्ट्रे मोजीत नाही.

सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा रोज रस्त्यावर ऐकू येतात. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बसवेश्वरांच्या काळातले, बाराव्या शतकातले वचनकार. त्यांची वचने कानडीत आहेत. संक्रांतीच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, तेव्हा कानी येणारे संमतीचे शब्द कानडी असतात, आणि अक्षता टाकणाऱ्या हजारोंपैकी कित्येकांना घरी कानडीचे एक वाक्यही जोडता येत नाही. १८७७ च्या सुमारास जुनी गिरणी उभी राहिली आणि गाव गिरण्यांचे झाले. पद्मशाली विणकर तेलंगणातून येथे आले; हातमाग, मागाहून यंत्रमाग, आणि आपले मार्कंडेय दैवत यांसह ते येथे रुजले. ज्या चादरीने गावाचे नाव सर्वत्र नेले, तिच्या मागावर बसणाऱ्या हातांची घरची बोली बहुतांशी तेलुगू आहे. तरीही ती चादर 'सोलापुरी'च.

हे सारे सणावारापुरते गोड आहे, कसोटीच्या वेळी काय होते, असे कोणी म्हणेल. तशी कसोटी एकदा झालेली आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूर पेटले. गोळीबार झाला, माणसे मेली. कोर्ट जाळले गेले, पोलीसही मारले गेले. काही दिवस सरकारचा अंमल नावापुरताच राहिला, आणि १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारण्यात आला. तिरंगा लावणे हादेखील तेव्हा गुन्हा ठरला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. नावे पुन्हा एकदा सावकाश वाचावी. लिंगायत, मुसलमान, मराठा आणि मारवाडी अशी ती चार घरे होती. फासाकडे जाताना त्यांपैकी कोणाला आपल्या घरची बोली दाराबाहेर ठेवावी लागली नाही.

हे आपोआप घडले नव्हते. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषावार केल्या. सरकारी मुंबई इलाख्यात मराठी, गुजराती आणि कानडी जिल्हे एकत्र कोंबलेले होते. काँग्रेसने त्या त्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलावयाचे ठरविले. आमच्या मते स्वातंत्र्याची चळवळ घराघरांत पोचण्याचे एक मोठे कारण हेच आहे.

उलट उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. पाकिस्तानात निम्म्याहून अधिक लोकांची भाषा बंगाली असता उर्दू ही एकच राजभाषा राहील असा आग्रह धरला गेला. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि १९७१ मध्ये बांगला देश वेगळा झाला. युगोस्लाव्हियाची गोष्ट याहून बोधक वाटते. तेथील शिरगणतीत राष्ट्रीयतेचा एकच रकाना असे. त्यात सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन असे काही लिहावे, नाही तर 'युगोस्लाव्ह' लिहावे. १९८१ मध्ये सव्वादोन कोटींच्या देशात 'युगोस्लाव्ह' लिहिणारे सुमारे १२ लाख निघाले. तो देश फुटला त्याला पैसा, सत्ता आणि जुनी वैरे अशी अनेक कारणे होती, सगळा दोष रकान्यावर टाकणे बरोबर नाही. पण घर आणि देश यांना एकाच चौकटीत झोंबावयास लावले की काय होते, ते यात दिसते. आपल्या शिरगणतीत मातृभाषा विचारतात, शिवाय येत असलेल्या आणखी दोन भाषा विचारतात. 'तेलुगू की भारतीय' असे कोणी विचारीत नाही. घटनेच्या आठव्या परिशिष्टात १९५० मध्ये १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. त्यांत १९६७ पासून सिंधी आहे, जिला स्वतःचे राज्य नाही.

येथवर ऐकून आपल्याला समाधान वाटले असेल, तर थोडे थांबावे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पण भाषेच्या रेघा कोठेही सुतासारख्या सरळ नसतात. बेळगावचा मराठी माणूस पलीकडे राहिला, अक्कलकोटचा कानडी माणूस अलीकडे. महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले आणि अक्कलकोटही तिकडे द्यावे असे सुचविले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. बेळगावच्या मुलाला मराठी शाळा हवी, कचेरीतला कागद मराठीत हवा, ही मागणी आम्हीही न्याय्य मानतो. मग तोच माप अक्कलकोटच्या कानडी मुलाला लावला पाहिजे, आणि सोलापुरातल्या तेलुगू मुलालाही. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, हे घटनेच्या ३५०-अ कलमाने १९५६ सालीच सांगितले. सोलापूर महापालिकेने चारही माध्यमांच्या शाळा चालविल्या आहेत. अशी शाळा पटावाचून ओस पडते तेव्हा तिच्यासाठी मराठी नगरसेवकाने भांडावे, एवढी अपेक्षा आम्हांला अवास्तव वाटत नाही.

२०२२ च्या अखेरीस सीमाप्रश्न पुन्हा तापला, तेव्हा अक्कलकोट तालुक्यातील काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली. शहरातल्या गप्पांत त्यांच्या निष्ठेवर लगेच बोट ठेवले गेले. त्या गावांचे गाऱ्हाणे काय होते? पाणी नाही, रस्ता नाही, सोयी नाहीत. पलीकडच्या गावांत त्या दिसतात.