नकाशा भिंतीवर लावताना

शिवाजी पेठेतील जुन्या घरांच्या माळ्यावर चोपड्यांच्या पेटीत कधी कधी घडी घातलेला एखादा नकाशा सापडतो. आमच्या घरीही मळ्याचा असा नकाशा निघाला. मोठ्या हौसेने आम्ही तो पांढऱ्या डिंकाने प्लायवूडवर चिकटवला. काही पावसाळ्यांतच त्याला फुगे आले. सोडवू गेलो, तेव्हा कागद फाटला आणि आजोबांनी शाईने केलेल्या हद्दीच्या खुणा कायमच्या गेल्या.

दोष आमच्या घाईचा होता. दमट हवेत कागद फुगतो, लाकूडही फुगते. पण दोघांचे प्रमाण निराळे असते. शिवाय लाकडातील आम्लाने कागद पिवळा व ठिसूळ होतो आणि वाळलेला डिंक पाण्याने सुटत नाही.

जुने लोक कापडाचा आधार घेत. 1767 साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे तुकडे करून, मधे फट ठेवून, कापडावर चिकटवलेले आढळतात. घडी फटीवर पडते आणि कागद मोडत नाही. आपले अढाईद्वीपाचे पट तर कापडावरच रंगवलेले असत.

आज भिंतीवर लावायचा असल्यास नकाशा मऊ कुंचल्याने झाडावा. शाई पाण्याने फुटते का, हे कोपऱ्यात ओल्या कापसाने पाहावे. फुटत असेल, तर जाणकाराकडेच सोपवावा. एरवी कुरडयांसाठी काढतो तसा गव्हाचा चीक शिजवून पातळ, ताजी खळ करावी. पातळ पण चिवट अशा जपानी कागदाच्या दोन पट्ट्या घेऊन त्या खळीने नकाशाची केवळ वरची कड आम्लमुक्त पुठ्ठ्याला जोडावी. बाकीच्या कडा मोकळ्या राहू द्याव्यात, म्हणजे पावसाळ्यात कागदाला हलायला जागा मिळते. काच कागदाला टेकू देऊ नये. चौकट ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा उन्हात लावू नये. खळीला कसर लागू नये म्हणून पूर्वी तीत मोरचूद घालत. विषाने जीव मारण्यापेक्षा जागा कोरडी व स्वच्छ ठेवून त्यांना येऊच न देणे, हे आपल्या आचाराला अधिक शोभते.

श्रुतपंचमीला किंवा ज्ञानपंचमीला आपण ग्रंथ झाडतो, नवे वेष्टन घालतो. त्याच दिवशी घरातील नकाशाही उघडून पाहावा. जे जोडले, ते इजा न होता सोडवता आले पाहिजे, एवढे भान ठेवले, तर आपल्या हातून झालेली चूक पुढच्या पिढीला सुधारता येईल.